एव्हरग्लेड्सच्या पावसाळ्यात आरव्हीच्या छतातून पाणी टपकतंय? सीलंट लावायच्या आधी हे बघा

जून लागला की हा प्रश्न हमखास येतो. फ्लोरिडातल्या शाळांना सुट्टी लागते, आपली मंडळी स्वतःचा ट्रेलर नाहीतर भाड्याची आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कला निघतात, तिथल्या फ्लेमिंगो कॅम्पग्राउंडला मुक्काम टाकतात, आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या रात्री एसीच्या जाळीतून गादीवर टपटप सुरू होते. मग फोन येतो, छत गळतंय, कुठलं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, आणू. मी दक्षिण फ्लोरिडातच राहतो, माझ्या ट्रेलरवर आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या गाड्यांवर हा एकच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त केलाय, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. उन्हाळ्यात एव्हरग्लेड्समध्ये आत टपकणारं पाणी बऱ्याचदा पावसाचं नसतंच, ते हवेतलं असतं, तुमच्याच एसीने हवेतून ओढून काढलेलं. ते बाहेर छतावर जायला पाहिजे, वाट अडली म्हणून आत येतं. अशा वेळी वर चढून एसीच्या भोवती सीलंट फासलं तर पाणी बाहेर जायची उरलीसुरली वाटही बंद होते आणि गळती दुप्पट होते. म्हणून पहिला प्रश्न एकच, हे पाणी कुणाचं आहे, पावसाचं की एसीचं. त्याचं उत्तर मिळेपर्यंत कशालाही हात लावू नका.

लक्षणं कशी दिसतात ते बघा, यातलं एक जरी असेल तरी पुढचं वाचा. छताला बसवलेल्या एसीच्या आतल्या जाळीच्या कडेने थेंब पडतात, बहुतेक वेळा गाडी ज्या बाजूला झुकलीय त्याच बाजूने. एसी दोन-तीन तास चालल्यावर गार हवा हळूहळू कमी होते, आवाज येतो पण वारा येत नाही. एसी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी एकदम भसकन पाणी पडतं. हवा गार आहे पण अंग चिकट, चादरी सर्द, कपाटात कुबट वास. छतातल्या हवेच्या झडपांच्या कडांना थेंब लटकलेले असतात. कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे क्षणभर मंद होतात किंवा ब्रेकर पडतो. आणि एसीच्या आसपास छताच्या आतल्या पॅनेलवर चहाच्या रंगाचा डाग पसरत चाललाय, हे शेवटचं लक्षण मात्र गंभीर आहे, त्याचं खाली सांगतो.

हा त्रास इथेच एवढा का होतो हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. एव्हरग्लेड्सचा पावसाळा मेच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. दुपारी ९० फॅरनहाइटच्या आसपास तापमान, रोज दुपारी गडगडाट आणि सर, आणि रात्रीसुद्धा हवा सुकत नाही. दवबिंदू पंचाहत्तरीच्या आसपास असतो, म्हणजे ७५ फॅरनहाइटपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमणारच, गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसं. आणि एसीच्या झडपेतून येणारी हवा ५५ ते ६० असते. त्यात फ्लेमिंगोला उन्हाळ्यात डास असे असतात की संध्याकाळी दार उघडं ठेवून बसायचा प्रश्नच नाही, सगळे आत, दारं-खिडक्या बंद, एसी चोवीस तास. अरिझोनात कोरड्या हवेत हाच एसी वर्षानुवर्षं एक थेंब आत टाकणार नाही. १३,५०० बीटीयूचा (हे एसीच्या ताकदीचं माप) साधा रूफटॉप एसी इथल्या हवेतून तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. दिवसभराचा हिशोब करा, बादल्या भरतील. एवढं पाणी कुठेतरी जायलाच हवं.

आणखी एक गोष्ट, फ्लेमिंगो हे पार्कच्या होमस्टेड गावाकडच्या मुख्य प्रवेशद्वारापासून ३८ मैल आत आहे. दाराजवळचं लाँग पाइन की कॅम्पग्राउंड उन्हाळ्यात बंद असतं, त्यामुळे गाडी घेऊन थेट शेवटच्या टोकाला जावं लागतं, आणि तिथे आरव्हीच्या सामानाचं दुकान जवळ नाही, मोबाइलची रेंजही भरवशाची नाही. म्हणून निघतानाच टॉर्च, स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर, प्लगमध्ये खोचायचा व्होल्टमीटर, ॲल्युमिनियमची फॉइल टेप, स्क्रूड्रायव्हर आणि एसीचा जादा फिल्टर जवळ ठेवा. सगळं मिळून फार खर्च नाही आणि खालच्या बहुतेक तपासण्या एवढ्यावर होतात.

पाणी कुणाचं

याला पैसे लागत नाहीत, फक्त लक्ष द्यायचं. पाऊस नसताना, सकाळी छत वाळलेलं असताना, एसी दोन तास चालवा. टपकलं तर पाणी एसीचं. उलट दुपारची सर येईल तेव्हा एसी पूर्ण बंद ठेवा, तासभर उकाडा सहन करा, आणि जाळी काढून टॉर्चने आत बघा. एसी बंद असताना पावसात टपकलं तर पाणी पावसाचं. दोन्ही वेळा टपकलं तर बहुतेक छत आणि एसीच्या मधलं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी जाड पट्टी, गेलंय, कारण त्या एकाच जागेतून दोन्ही पाणी आत येतात.

आता याच्या जोडीला एक बाहेरची खूण, जी लोक बघतच नाहीत. एसी तासभर चालल्यावर गाडीला बाहेरून एक फेरी मारा. छतावरून कडेच्या पन्हाळीतून पाण्याची बारीक धार किंवा थेंब खाली पडत असले पाहिजेत. इथल्या दमट हवेत ती धार दिसणं ही तब्येत चांगली असल्याची खूण आहे, अनेक जण तीच बघून घाबरतात. घाबरायचं ते धार दिसत नसेल तेव्हा. एसी चालू, हवा दमट, आणि बाहेर एक थेंब नाही, याचा अर्थ पाणी एकतर आत चाललंय किंवा कॉइलवर, म्हणजे एसीच्या आतल्या गार होणाऱ्या नळ्या-पत्र्यांवर, बर्फ होऊन बसलंय.

पाणी पावसाचं निघालं तर बऱ्याच पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत, सरळ छताच्या भागाकडे जा.

सेटिंग

हे सगळ्यात जास्त वेळा निघतं. बाहेर ९२ असताना लोक थर्मोस्टॅट ६८ वर लावतात, पंखा लो वर, कारण आवाज कमी. आरव्हीच्या भिंती पातळ, एकच एसी, तो बिचारा ६८ कधीच गाठणार नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबतच नाही, आणि कमी वाऱ्यामुळे कॉइल इतकी गार होते की त्यावरचं पाणी गोठतं. रात्री बर्फ वाढत जातो, पहाटे वारा बंद पडतो, आणि कुणीतरी एसी बंद केला की तो सगळा बर्फ वितळून एकदम येतो. पाणी साचायच्या तसराळ्यात एवढं एकदम मावत नाही, ते आत सांडतं. ते भसकन पडणारं पाणी म्हणजे हेच.

तर थर्मोस्टॅट ७६-७७ वर, पंखा हाय वर. आणि पंख्याचा मोड ऑटो, ऑन नाही. ऑनवर कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा फिरत राहतो आणि ओल्या कॉइलवरचं पाणी परत खोलीत उडवतो, म्हणजे जे बाहेर जाणार होतं ते पुन्हा हवेत. अंग चिकट राहतं त्याचं हे मोठं कारण आहे. काही जुन्या साध्या एसींना ऑटो नसतोच, पंखा सतत चालतो, त्यांनी निदान हाय ठेवा आणि तापमान फार खाली नेऊ नका.

झडपा सगळ्या उघड्या ठेवा. मुलांच्या बंकवर गार वारा लागतो म्हणून एक बंद, बाथरूमची बंद, असं करत गेलं की वारा कोंडतो आणि पुन्हा बर्फ. खिडक्यांना आतून चमकदार इन्सुलेशनची शीट लावा, दुपारच्या उन्हाची बाजू तर नक्कीच. आणि आपल्या घरांत एक खास गोष्ट, आत कुकर लावणं. भाताच्या तीन शिट्ट्या, वर डाळ, वर चहा, ती सगळी वाफ एसीलाच काढावी लागते. शक्य असेल तर शेगडी बाहेर, आणि डासांमुळे किंवा पावसामुळे आतच करायचं असेल तर गॅसवरचा पंखा चालू ठेवा, तो हवा खरंच बाहेर फेकतो की नुसती आत फिरवतो हे एकदा हात लावून बघा, बाहेरची झडप खिट्टीने बंद राहिलेली असते पुष्कळ गाड्यांत. अंघोळीच्या वेळीही छताचा पंखा चालवा, झाली की दहा मिनिटांत बंद करा, नाहीतर तोच पंखा बाहेरची दमट हवा कुठून तरी आत ओढत राहतो. ओले टॉवेल आणि पोहण्याचे कपडे आत वाळत घालू नका.

फिल्टर

आतली प्लास्टिकची जाळी काढा, फिल्टर उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर धुवा, साबणाचं कोमट पाणी, पिळू नका, पूर्ण वाळवून बसवा. चोवीस तास एसी चालत असेल तर आठवड्याने बघा, कुत्रं बरोबर असेल तर दोन-तीन दिवसांनी. फिल्टर तुंबला की वारा कमी, वारा कमी की बर्फ, बर्फ की पाणी. साखळी तीच. फिल्टर न लावता एसी चालवू नका, ती धूळ ओल्या कॉइलवर चिकटते आणि मग साफ करायला वर चढून सगळं उघडावं लागतं.

गाडीची पातळी

रूफटॉप एसीला घरच्यासारखी पाणी न्यायची नळी बहुतेक वेळा नसते. खाली एक उथळ पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं तसराळं, त्याला कडेला भोकं, भोकांतून पाणी छतावर, छतावरून खाली. एवढाच मामला. गाडी एका बाजूला झुकली की पाणी भोकाकडे न जाता उलट्या बाजूला साचतं आणि मधल्या चौकोनी भोकातून आत उतरतं. फोनवरचं लेव्हलचं ॲप गाडीच्या आतल्या जमिनीवर ठेवून आडवं आणि उभं दोन्ही बघा. एक लक्षात ठेवा, इथली जमीन पावसाने मऊ होते, संध्याकाळी सपाट लावलेली गाडी दोन सरींनंतर एका चाकाने खचलेली असते. म्हणून जॅकच्या खाली रुंद फळ्या किंवा पॅड टाका आणि रोज सकाळी पुन्हा एकदा बघा. टपकणं रोज एकाच बाजूने असेल तर हे पहिलं तपासा.

बर्फ

जाळी आणि फिल्टर काढून टॉर्च मारा, कॉइलचे पातळ पत्रे दिसतात, बारीक रेघांसारखे. त्यांच्यावर पांढरं साय धरल्यासारखं दिसलं किंवा एका कोपऱ्यात काचेसारखा घट्ट गोळा दिसला तर बर्फ आहे. खरवडू नका, पत्रे वाकतात आणि आतली नळी फुटली तर एसी संपला. कूल बंद करा, फक्त पंखा हाय वर, खाली टॉवेल आणि परात, अर्धा-पाऊण तास, जास्त असेल तर तासभर. पूर्ण वितळल्याशिवाय पुन्हा कूल लावू नका. नंतर वरच्या तिन्ही गोष्टी सुधारून चालवा. पुन्हा बर्फ आला नाही तर काम झालं, झोपा.

सगळं नीट असूनही पुन्हा बर्फ आला तर कॉइलमधला फ्रीझ सेन्सर सुटलेला असू शकतो. पातळ वायर आणि टोकाला बारीक नळकांडं, ते पत्र्यांत खोचलेलं असतं, लटकत असेल तर एसीला कळतच नाही की आपण गोठतोय. पॉवर पूर्ण तोडून ते परत त्याच्या जागी खोचता येतं.

थर्मामीटर

एसी हाय वर अर्धा तास चालू द्या, मग ज्या जाळीतून हवा आत ओढली जाते तिथलं तापमान आणि एसीला सगळ्यात जवळच्या झडपेतून येणाऱ्या हवेचं तापमान घ्या, वजाबाकी करा. १६ ते २२ फॅरनहाइटचा फरक म्हणजे एसी ठणठणीत. गाडी आतून खूप सर्द असेल तर पहिले काही तास फरक थोडा कमी दिसेल कारण एसीची ताकद पाणी काढण्यात जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कोरड्या-स्वच्छ फिल्टरवर, बर्फ नसताना, फरक आठ-दहावरच अडकला तर एकतर आत गार आणि गरम हवा मिसळतेय, त्याचं पुढे येतं, नाहीतर गॅस कमी झालाय. दुसरं असेल तर तुमच्या हातातलं काम नाही.

हा आकडा लिहून ठेवा. पुढे कुणाला बोलावलंच तर पहिला प्रश्न हाच विचारतात.

व्होल्टेज

फ्लेमिंगो कॅम्पग्राउंडच्या टी-लूप या भागात वीजजोडणीच्या जागा आहेत, जवळच्या बिग सायप्रस राखीव क्षेत्रात टामियामी ट्रेल या रस्त्यावरच्या मिडवे कॅम्पग्राउंडलाही आहेत. दुपारी तीन वाजता सगळ्यांचे एसी एकदम चालू, तेव्हा कुठल्याही कॅम्पग्राउंडात व्होल्टेज खाली येऊ शकतं. प्लगमधल्या मीटरवर एसी चालू असताना बघा. १२० च्या आसपास उत्तम, ११० च्या खाली गेलं की सावध, १०८ च्या खाली एसी बंदच करा. कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो, सुटतो, पुन्हा सुरू होतो, आणि अशा दोन-चार उन्हाळ्यांत जळतो. शिवाय कॉम्प्रेसर बंद-चालू होत राहिला की ओल निघतच नाही.

३० अँपच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॅट मिळतात. एसी एकटाच १,५०० च्या आसपास घेतो. त्यावर इंडक्शन किंवा मायक्रोवेव्ह आणि विजेवरचा गिझर एकदम लावले तर मेन ब्रेकर पडणारच, तो एसीचा दोष नाही. एका वेळी एकच मोठं उपकरण.

पेडेस्टल म्हणजे तुमच्या जागेवरचा वीजजोडणीचा खांब, त्यातला प्लगही बघा. फ्लेमिंगो खाडीच्या काठावर आहे, खारी हवा सगळ्या धातूला खाते. प्लगच्या पट्ट्या काळ्या पडल्यात, प्लास्टिक वितळलंय, हात लावल्यावर चटका बसतोय, असं असेल तर तिथला ब्रेकर पाडा, प्लग काढा, कॅम्पग्राउंडच्या माणसांना सांगा आणि जागा बदलून मागा. पेडेस्टल स्वतः उघडायचं नाही, पावसात तर त्याच्या जवळ उभं राहूनही नाही.

आतली फट

इथून पुढे हत्यारं लागतात. आणि भाड्याची आरव्ही असेल तर इथेच थांबा. आतापर्यंतच्या गोष्टी तुम्ही करू शकता, पुढचं उघडायचा अधिकार मालकाचा, फोटो-व्हिडिओ काढा, मालकाला पाठवा, परात ठेवा. परत देताना त्या डागावरून वाद होतो, वेळ टाकलेला फोटो असला की वाद मिटतो.

स्वतःची गाडी असेल तर पॉवर तोडा, म्हणजे शोअर पॉवरचा, बाहेरून येणाऱ्या विजेचा, प्लग उपटा, जनरेटर बंद, इन्व्हर्टर बंद, नुसता थर्मोस्टॅट बंद करणं पुरेसं नाही. मग छताच्या आतलं एसीचं झाकण स्क्रू काढून उतरवा. छताच्या चौकोनी भोकात, साधारण १४ इंच बाय १४ इंच, एक आडवी पट्टी दिसेल जी येणारी गार हवा आणि परत जाणारी हवा वेगळी ठेवते. कारखान्यातून येताना या पट्टीच्या कडेला फटी राहतात, टेप सुटलेली असते, कधीकधी आरपार बोट जातं. त्या फटीतून गार हवा खोलीत न येता सरळ परत कॉइलवर जाते. दोन वाईट परिणाम एकदम होतात, कॉइल आणखी गार होऊन गोठते आणि आजूबाजूच्या पोकळीत गार हवा शिरून तिथल्या लाकडावर, इन्सुलेशनवर घाम धरतो. तो घाम छताच्या पॅनेलवरून पाझरत दिव्याच्या भोकातून टपकतो आणि माणूस म्हणतो पाऊस आत आला.

उपाय स्वस्त आहे. सगळं कोरडं पुसून घ्या, तेलकट नको, आणि फटीवर खऱ्या ॲल्युमिनियम फॉइलची टेप लावा. कापडी करड्या रंगाची डक्ट टेप नको, इथल्या ओलीत ती एका मोसमात सुटते. चारी भिंती, कोपरे, डक्टची तोंडं जिथे सुरू होतात त्या कडा, सगळीकडे बोटाने दाबत जा. तासाभराचं काम आहे. माझ्या अनुभवात सेटिंग आणि फिल्टरनंतर सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, वारा एकदम वाढतो आणि थर्मामीटरचा आकडा लगेच सुधारतो. त्याच वेळी आतल्या लाकडी चौकटीला बोटाने दाबून बघा. कडक असेल तर ठीक. मऊ लागलं, बोट रुतलं, काळं पडलंय, तर पाणी बरेच दिवस येतंय आणि आता हा टेपचा विषय राहिला नाही.

छत

आधी आकाश बघा. इथल्या उन्हाळ्यात दुपारचा गडगडाट ठरलेला, त्यामुळे छताचं काम सकाळी लवकर. ढगांचा आवाज ऐकू आला की खाली उतरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही, उघड्या सपाट मैदानात आरव्हीच्या छतावरचा माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते. ओल्या रबरी छतावर शेवाळ असतं, पाय सरकतो. तुमचं छत माणसाचं वजन घेतं का हे मॅन्युअलमध्ये बघा, शंका असेल तर शिडीवरूनच जेवढं जमेल तेवढं. एक माणूस खाली शिडी धरायला हवाच.

पॉवर तोडलेलीच असू दे. एसीचं प्लास्टिकचं टोपण काढलं की तसराळं दिसतं. त्याची भोकं शोधा. माझ्या पाहण्यात तिथे काय काय नसतं, पाइनच्या सुया, पानांचा चुरा, परागांचा पिवळा लगदा, मेलेले डास, आणि या सगळ्याचा मिळून हिरवट काळा गिळगिळीत थर. कुंभारमाशीचं मातीचं घरटं तर बरोबर भोकाच्या तोंडावर, वाळून सिमेंट झालेलं. प्लास्टिकच्या काडीने किंवा झिप-टायने मोकळं करा, लोखंडी तार घालू नका, कारण तसराळ्याला भोक पडलं की ते भरून निघत नाही. मग ग्लासभर पाणी हळूच ओता आणि ते कुठे जातं ते डोळ्यांनी बघा. सरळ छतावर निघून गेलं तर उत्तम. साचून राहिलं किंवा आतून कुणी ओरडलं की पाणी आलं, तर वाट अजून बंद आहे. चिकट थराला पांढरं व्हिनेगर आणि पाणी पुरतं, ब्लीच नको, ते ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना खातं. कॅपॅसिटर ज्या डब्यात असतो त्याला हात लावायचा नाही, प्लग काढलेला असला तरी त्यात शॉक देण्याइतका चार्ज राहतो.

कुणीतरी आधी एसीच्या बुडाभोवती सीलंट फासलेलं असेल तर तीच चूक शोधत होतो असं समजा. तिथून पाणी बाहेर पडायला जागा हवी, ते सीलंट प्लास्टिकच्या खरवडणीने जपून काढा. सीलंटची खरी जागा बाकीकडे, वेंटच्या कडा, अँटेना, शिडीचे स्क्रू, छताच्या पुढच्या-मागच्या पट्ट्या. तिथे भेगा असतील तर छताच्या प्रकाराला चालणारं स्वतः पसरणारं लॅप सीलंट, वाळलेल्या स्वच्छ जागेवर. सिलिकॉन लावू नका, रबरी छताला ते नीट धरत नाही आणि नंतर त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही.

रबराचं बघताना एक इथलीच गोष्ट. पार्कमधली काळी गिधाडं गाड्यांचं रबर चोचीने ओढून काढतात, वायपर, काचेची सील, सनरूफची कड. पार्कमधल्या रॉयल पाम या ठिकाणच्या पार्किंगला यासाठी गाड्या झाकायला ताडपत्र्या ठेवलेल्या असतात. दिवसभर गाडी तिथे उभी होती आणि रात्री खिडकीच्या कडेने पाणी आलं तर आधी तिथली रबराची पट्टी जागेवर आहे का ते बघा.

गॅस्केट

एसी आणि छताच्या मध्ये स्पंजासारखं जाड गॅस्केट असतं, नवीन असताना इंचभर, बोल्ट घट्ट केल्यावर साधारण अर्धा इंच उरतं. रस्त्यावरचे हादरे आणि वर्षं यांनी बोल्ट ढिले होतात. आतून, झाकण काढलेलं असतानाच, हे लांब बोल्ट दिसतात, बहुतेक गाड्यांत चार. हाताने फिरत असतील तर सरळ निदान झालं. समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाइतकेच. जास्त आवळलं की तसराळं वाकतं आणि पाणी भोकाकडे जातच नाही, म्हणजे पुन्हा मूळ पदावर.

आवळूनही थांबलं नाही, किंवा गॅस्केट चपटं होऊन पापडासारखं पातळ झालंय, तर बदलावं लागेल. गॅस्केट महाग नाही पण त्यासाठी जवळपास शंभर पौंडांचा एसी उचलून धरावा लागतो. दोन धडधाकट माणसं, कोरडं छत आणि पूर्वी केलेलं कुणीतरी बरोबर असेल तर करा, नाहीतर कॅम्पग्राउंडवर हे काम काढू नका. वर उघडं भोक आणि समोरून येणारी काळी सर, हा प्रसंग टाळता येण्यासारखा आहे.

इथे थांबा आणि टेक्निशियनला बोलवा

गॅस कमी असल्याचा संशय असेल तर. आरव्हीच्या रूफटॉप एसीचा गॅसचा भाग सीलबंद असतो, भरायची सोयच नसते बहुतेकांना, आणि अमेरिकेत रेफ्रिजरंट हाताळायला सर्टिफिकेट लागतं. बऱ्याचदा नवीन युनिटच स्वस्त पडतं.

कॉम्प्रेसर घूं करून बंद पडतो, किंवा एसीचा ब्रेकर लावल्या लावल्या पुन्हा पडतो, तर पुन्हा पुन्हा लावत बसू नका. जळका वास, एसीच्या जाळीतून धूर, स्विच किंवा प्लग गरम, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या, यातलं काहीही झालं तर आधी माणसं बाहेर काढा, पेडेस्टलचा ब्रेकर पाडा, मग विचार करा. पाणी दिव्यांमधून किंवा वायरिंगच्या पॅनेलजवळून टपकत असेल तरीही तसंच.

छत पायाखाली दबतंय, आतलं पॅनेल फुगलंय, तपकिरी डाग रोज मोठा होतोय, भिंतीचा बाहेरचा पत्रा बुडबुड्यासारखा सुटलाय, हे लाकूड कुजल्याचं लक्षण, त्यावर सीलंट म्हणजे जखमेवर रंग. आणि बुरशी हातभर पसरली असेल आणि घरात दमा असलेलं कुणी असेल, लहान बाळ असेल, तर त्या गाडीत झोपू नका, एवढं ऐका.

भर उन्हाळ्यात एसी पूर्ण बंद पडला आणि रात्री आतलं तापमान खाली येत नसेल तर आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन होमस्टेडला खोली घ्या. ट्रीप वाया गेली वाटेल, पण डासांमुळे खिडक्या उघडता येत नाहीत आणि बंद डब्यात तो उकाडा धोकादायक आहे.

टेक्निशियनला फोन करताना एसीच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, तापमानातला फरक, एसी चालू असतानाचं व्होल्टेज, आणि कोरड्या सकाळी टपकतं की फक्त पावसात, या चार गोष्टी सांगा. तो येईपर्यंत कूल बंद, पंखा चालू (वर सांगितलेल्या कारणाने ब्रेकर पाडला असेल तर मात्र सगळंच बंद), खाली परात, गाद्या आणि उशा त्या जागेपासून लांब, आणि भिजलेलं कापड दिवसभरात वाळवून घ्या, इथल्या हवेत ओल्या वस्तूला एक-दोन दिवसांत बुरशी धरते. फोन लागत नसेल तर मॉडेल नंबरचा फोटो काढून ठेवा आणि पार्कमधून बाहेर पडताना होमस्टेडकडे रेंज आली की लगेच पाठवा, म्हणजे येताना पार्ट घेऊनच येतो.